भाडेकरूसकट घर घेतले आणि फसलो

‘भाडे चालू असलेले घर’ म्हणून विकलेल्या एका फ्लॅटमध्ये मी 38,00,000 रुपये घातले. महिना 22,000 रुपये भाडे, चौदा महिने राहत असलेला भाडेकरू, करार आणि पावत्या समोर. म्हणजे वर्षाला 2,64,000 रुपये, जवळजवळ सात टक्के. त्याच इमारतीत कोणालाही 12,500 च्या वर भाडे मिळत नाही, हे मला खरेदीनंतर कळले.

भाडेकरू विक्रेत्याचाच माणूस निघाला. दोन महिने भाडे भरून त्याने घर सोडले आणि करारावर बोट ठेवून 66,000 रुपयांची अनामत माझ्याकडून घेतली. ती रक्कम किमतीत वळती केल्याचे विक्रेता तोंडी म्हणाला होता. अनामत कोणाकडे आहे, हे भाडेकरूला एकट्याला गाठून विचारा आणि त्याच्या सहीने लिहून घ्या.

पाहणीच्या वेळी मी न्हाणीघराचा नळ सोडला, तेव्हा आधी फसफसत हवा आली, मग तांबूस पाणी आले. मोरीतून गटाराचा वास येत होता. वापरातल्या मोरीच्या जाळीखाली साठलेले पाणी तो वास अडवते. ते आटले होते, म्हणजे तिथे कित्येक आठवडे कोणी अंघोळ केली नव्हती. माझी आणखी दोन घरे भाड्याने असतात, रिकाम्या घरातला हा वास मी चांगला ओळखतो, आणि तरीही ‘लाइन तुंबते हो अधूनमधून’ या एजंटाच्या उत्तरावर मी मान डोलावली. जिन्यात दोन गिऱ्हाइके ताटकळत उभी होती (तीही बहुधा आणलेलीच), आणि कागदपत्रे माझ्या वकिलाने तपासली होती. पण वकील नळ सोडून पाहत नाही. विजेची वर्षभराची बिले मागायला हवी होती, कारण भाड्याच्या पावत्या कोणीही बसून लिहू शकतो, मीटरचे आकडे तसे लिहिता येत नाहीत.

एकाच भिंतीला ताजा रंग होता. त्यामागची ओल काढायला 1,18,600 रुपये गेले. आता 12,500 भाड्यातून एक रिकामा महिना, देखभालशुल्क आणि कर वजा करून वर्षाला 99,000 रुपये उरतात, म्हणजे अडीच टक्क्यांच्या किंचित वर. हे गणित सह्या करण्याआधी मांडायला एक पाठकोरा कागद पुरला असता.

पोलिसांनी ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवले. दुसऱ्यांदा गेलो तर हद्द वेगळी निघाली. त्या दुसऱ्या ठाण्यात ‘सह्या तुमच्याच आहेत ना?’ असे विचारून अधिकाऱ्यांनी मलाच अर्धा तास उभे केले आणि भाडेकरूचा सध्याचा पत्ता मीच शोधून आणावा असे सुचवले. पत्ता ठाऊक असता तर मी तिथे कशाला गेलो असतो? चौथ्या खेपेला अर्ज घेतला गेला. त्याची पोच माझ्याकडे आहे. तिच्यावर शिक्का आहे, आवक क्रमांकाची जागा मात्र कोरी आहे.