फिश टँक उन्हाळ्यात थंड ठेवायचा: एसी, पंखा की चिलर?

आधी टाकीत कोण राहतं ते बघा. गप्पी, मॉली, फायटर यांना २९-३० अंश चालून जातात. डिस्कसला तर २८ ते ३० लागतातच, त्यामुळे त्यांच्यासाठी एसीचा विचार सोडून द्या. अवघड होतं ते गोल्डफिशचं (२४ च्या आत बरे), निऑन टेट्रा, चेरी श्रिंप आणि झाडांच्या टाकीचं (२६ च्या आसपास), शिवाय समुद्री प्रवाळांचं. २५ अंशांच्या पाण्यापेक्षा ३२ अंशांच्या पाण्यात प्राणवायू साधारण १२ टक्के कमी मावतो आणि माशांची गरज नेमकी तेव्हाच वाढलेली असते. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर आधी एअर पंप वाढवा, खाणं निम्मं करा, दिवे कमी वेळ लावा. थंडाव्याचं मग बघू.

पुढच्या हिशेबासाठी १०० लिटरची टाकी धरू, पाणी २६-२७ अंशांवर ठेवायचं आहे.

एक टनाचा इन्व्हर्टर एसी चोवीस तास २६ वर चालला तर काम चोख होतं. पण ऐन उन्हाळ्यात दिवसाला १० ते १४ युनिट जातात. तुमच्या बिलातल्या वरच्या स्लॅबचा दर लावून बघा. नुसत्या टाकीपायी हे परवडत नाही. म्हणून बहुतेक घरांत एसी फक्त रात्री चालतो: दहाला २३ वर लावला, सकाळी सहाला बंद. तेवढ्यात पाणी चारेक अंश उतरतं आणि दुपारपर्यंत पुन्हा चढतं. ३० लिटरच्या टाकीत तर फरक आणखी मोठा. एकसारखे ३० अंश सोसणारे मासेही या रोजच्या चढउताराने खचतात आणि अंगावर पांढरे ठिपके दिसू लागतात. दिवसभरात दोन अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. रात्रीच एसी लागणार असेल तर तो २६ च्या खाली नेऊ नका आणि टाकीत १०० वॉटचा हीटर २६ वर लावून ठेवा. नागपुरात मे महिन्यात हीटर म्हटलं की लोक हसतात, पण पहाटे २६ च्या खालची घसरण तोच थांबवतो.

एसीच्या खोलीत आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. टाकी थेट झोताखाली नको. डासांचं लिक्विड मशीन बंद खोलीत रात्रभर चालू असेल, तर एअर पंप तीच हवा पाण्यात ढकलतो. त्यातलं कीटकनाशक माशांना आणि त्याहून जास्त श्रिंपला घातक असतं. सर्व्हिसिंगच्या दिवशी कॉइलवर फवारा मारण्याआधी पंप बंद करून टाकी झाका. आणि एसीचं ठिबकणारं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी टाकीत ओतू नका: ते धातूच्या कॉइलवरून आणि शेवाळलेल्या ट्रेमधून येतं, त्यात तांबं असू शकतं आणि श्रिंपला तांबं जराही चालत नाही.

टाकीवरच्या पंख्याचं गणित वेगळं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढीच १०० लिटर पाणी जवळजवळ सहा अंश उतरवायला काढावी लागते. १२ व्होल्टचा, ५ ते १० वॉटचा पंखा दिवसाला दीड-दोन लिटर सहज उडवतो. वीज पाव युनिटच्या आत. मात्र त्याचा थंडावा खोलीच्या तापमानापासून खाली मोजायचा. विदर्भाच्या कोरड्या हवेत खोलीपेक्षा तीन-चार अंश कमी, मुंबई-कोकणच्या दमट हवेत जेमतेम एक-दोन. म्हणजे ३४ अंशांच्या खोलीत नुसता पंखा २७ गाठून देणार नाही, कुठेच नाही.

म्हणूनच आमचं मत असं: त्या खोलीत एसी तसाही बराच वेळ चालत असेल, तर तो २८ वर ठेवा आणि टाकीवर पंखा बसवा. एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे मुंबईतही पंख्याचा जोर वाढतो आणि पाणी २६-२७ वर येतं. २४ वर एसी चालवण्यापेक्षा हे बरंच स्वस्त. विदर्भात एसीऐवजी कूलर असेल तर खोली उतरते खरी, पण हवा ओली होते आणि पंखा जवळपास निकामी ठरतो. तिथे नुसत्या कूलरवर भागवा.

पंखा तिरका, पाण्यापासून १०-१२ सेंटीमीटरवर बसवा. झाकण काढावं लागतं, म्हणून वर जाळी टाका, नाहीतर सकाळी मासा फरशीवर. एसटीसी-१००० (पाण्याचं तापमान बघून आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर) याच्या कूलिंगच्या टोकांना पंखा जोडा (१२ व्होल्टचा असेल तर त्याचा अ‍ॅडाप्टर), एफ१ ला (हवं ते तापमान) २६.५ आणि एफ२ ला (फरक) ०.५ द्या: २७ ला सुरू, २६.५ ला बंद. एसी मात्र या कंट्रोलरवर कधीच लावू नका. वीज अशी तोडली की कॉम्प्रेसरला धक्का बसतो आणि अनेक एसी परत आपोआप सुरूही होत नाहीत. हीटर असेल तर या पंख्यासाठी तो २५ वर आणा, नाहीतर दोघं एकमेकांशी भांडत बसतील. उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा. बोअरचं ओतलं तर क्षार मागे राहून साठत जातात. पाणीबदल मात्र नेहमीच्याच पाण्याने.

प्रवाळ किंवा क्रिस्टल श्रिंप असतील आणि खोली रोज ३२ च्या वर जात असेल, तर चिलरला (टाकीचं पाणी फ्रिजसारखं थंड करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. १/१० एचपीचा चिलर दिवसाला साधारण दीड ते अडीच युनिट घेतो. किंमत जड पडते, सोबत कॅनिस्टर (टाकीबाहेरचा) फिल्टर किंवा वेगळा पंप लागतो, आवाज फ्रिजसारखा. टाकीतली उष्णता तो त्याच खोलीत सोडतो. कपाटात कोंडला तर स्वतःच तापून बंद पडतो. मागे-पुढे फूटभर जागा हवीच. पेल्टियरचे (कॉम्प्रेसर नसलेले) छोटे चिलर ३०-४० लिटरच्या पुढे घेऊ नका.

वीज गेली की एसी आणि चिलर दोन्ही घरच्या इन्व्हर्टरवर सहसा चालत नाहीत. पंखा आणि एअर पंप आरामात चालतात. अशा दुपारसाठी फ्रीजरमध्ये एक लिटरच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवा. पाऊण भरा, नाहीतर बर्फ फुगून फुटतात. एक बाटली १०० लिटरला साधारण एक अंश उतरवते, म्हणून एका वेळी एकच तरंगत ठेवा आणि ती पूर्ण वितळल्याशिवाय दुसरी टाकू नका.