चिनी बोलायला शिकायचंय: इंग्रजीतून की मराठीतून?

चिनी शिकायला बसलेल्या मराठी माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे सगळं इंग्रजीतून: ॲप, व्हिडिओ, इंग्रजी स्पष्टीकरणाचं पाठ्यपुस्तक. दुसरी मराठीतून: दोन्ही भाषा येणारा शिक्षक गाठायचा आणि वहीत अर्थ, व्याकरण, जमतील तिथे उच्चारही मराठीत मांडायचे. पहिल्या वाटेवर मी सात महिने काढले, दुसरीवर आता दोन वर्षं होतील. मी चाकणला एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. माल चीनमधल्या निंगबोहून येतो. (त्याचा खरा उच्चार ‘निङपो’ आहे, त्यावर पुढे येतोच.) मला परीक्षेपेक्षा बोलण्याची गरज जास्त, तेव्हा माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार हे धरून चाला.

इंग्रजी वाटेचे फायदे उघड आहेत. साहित्य अमाप, बरंचसं फुकट, आणि रात्री अकरालाही उघडता येतं. प्लेकोसारखा शब्दकोश इंग्रजीतूनच मिळतो. एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा, तिच्या जुन्या पद्धतीत पहिल्या पातळीला १५० शब्द होते. तेवढे शब्द ॲपवर दोन-अडीच महिन्यांत माझे पाठ झाले. शब्दसंग्रहापुरतं बोलायचं तर त्या वेगाला मराठी वाटेकडे तोड नाही.

माझं बिनसलं ते उच्चारावर. २०२३ हे चिनी पंचांगात सशाचं वर्ष होतं. एका व्हिडिओ कॉलवर समोरच्या बाईंनी सहज विचारलं की तुमचं जन्मवर्ष कोणत्या प्राण्याचं. माझा जन्म १९८७चा, म्हणजे ससाच. मी आनंदाने सांगितलं, पण त्यांना कळेना. म्हणून सशाचा पूर्ण शब्द सावकाश म्हटला, तर त्यांनी काळजीने विचारलं की पोट दुखतंय का. चिनीत ससा आणि पोट हे शब्द जवळजवळ सारखे आहेत. चिनीत आवाजाच्या चढउताराने, म्हणजे सुराने, शब्दाचा अर्थ बदलतो आणि असे चार सूर आहेत. या दोन्हींचा सूर एकच, चौथा. फरक फक्त पहिल्या व्यंजनात. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, ससा ‘टी’ने सुरू होतो आणि पोट ‘डी’ने. मी ‘टी’ पाहून ‘तू’ म्हणत होतो आणि त्यांच्या कानाला ते पोट वाटत होतं. ॲपने मात्र हाच शब्द माझ्याकडून कित्येकदा म्हणवून घेऊन प्रत्येक वेळी हिरवी खूण दिली होती. कोणता शब्द येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून ते सैल कानाने ऐकत असावं असं मला वाटतं.

चूक कुठे होती हे शिक्षकांनी पहिल्याच तासाला दाखवलं. इंग्रजी पुस्तक सांगतं की चिनी ‘पी’ म्हणजे ‘पेन’मधला पी. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस ‘पेन’ म्हणताना नकळत श्वास सोडतो, जवळजवळ ‘फेन’ म्हणतो, म्हणून त्याला ती सूचना लागू पडते. आपण ‘पेन’ स्वच्छ ‘प’ने म्हणतो, त्यामुळे तीच सूचना आपल्याला चुकीच्या दारात नेऊन उभी करते. प्रमाण चिनीत ब, द, ग यांसारखी घोष स्फुटव्यंजनं नाहीत. आहेत ती अल्पप्राण (प, त, क) आणि श्वास सोडून म्हणायची महाप्राण (फ, थ, ख), आणि तो फरक आपण पहिलीत बाराखडीबरोबरच शिकलेला असतो. १९५८ साली चीनने पिनयिन स्वीकारली ती मुख्यतः आपल्याच लोकांना साक्षर करण्यासाठी आणि प्रमाण उच्चार शिकवण्यासाठी. त्यात ‘बी, डी, जी’ ही मोकळी पडलेली रोमन अक्षरं प, त, क यांना दिली आणि ‘पी, टी, के’ ही फ, थ, ख यांना. मराठी माणसाने एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं की अर्धं काम होतं. ससा म्हणजे ‘थू’, पोट म्हणजे ‘तू’. सात महिने अडलेली गोष्ट दहा मिनिटांत सुटली. फक्त ‘फ’ दोन्ही ओठ मिटून म्हणायचा, ‘ऑफिस’मधल्यासारखा दात टेकवून नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्यांचं चिनी नाव इंग्रजी वळणाने वाचलं तर ‘के दिहुआ’ होतं. चिनी माणूस मात्र ‘ख तिह्वा’च्या जवळपास म्हणतो. हे कळल्यावर त्यांचं नाव मी पहिल्यांदा नीट उच्चारलं आणि मला फार बरं वाटलं.

व्याकरणात तराजू थोडा हलतो. क्रियापद मध्ये येतं, ‘मी पितो चहा’ असं, तिथे इंग्रजी उपयोगी पडते. पण पुढे गेलात की चिनी वाक्य मराठीच्या अंगाने वळतं. ‘मी पुण्यात काम करतो’ यातलं ‘पुण्यात’ चिनीतही क्रियापदाच्या आधीच येतं. ‘मी विकत घेतलेलं पुस्तक’ हा क्रम तर शब्दाला शब्द तसाच राहतो, इंग्रजीत मात्र तो उलटा करावा लागतो. प्रश्न करताना वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावायचा, जसा आपण ‘का’ लावतो. उत्तर चीनमधल्या बोलण्यात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना वेगळे शब्द आहेत. इंग्रजी पुस्तकाला त्यासाठी तळटीप द्यावी लागते, मला एक ओळ पुरली. नात्यांचंही तसंच. मामा, आत्या, मावशी यांना वेगवेगळे शब्द आहेत, आणि काका वडिलांपेक्षा मोठा की धाकटा एवढंच जास्तीचं विचारावं लागतं. इंग्रजी ॲपवर हे सगळे ‘अंकल’ आणि ‘आंटी’ या दोन खणांत कोंबलेले असतात. मोजताना वस्तूप्रमाणे बदलणारे मापशब्द मात्र दोन्ही वाटांवर पाठच करावे लागतात.

मराठी वाटेच्या अडचणीही खऱ्या आहेत. साहित्य जवळजवळ नाही. चांगला शिक्षक गावात असेलच असं नाही, फीही द्यावी लागते. शिवाय देवनागरीत उच्चार लिहायला गेलात की ‘च’पाशी अडकता. ‘चमचा’तला च आणि ‘चिंच’तला पहिला च आपण एकाच अक्षराने लिहितो. चिनीत हे दोन्ही आहेत, आणि जीभ मागे वळवून म्हणायचा तिसराही आहे. ‘लवकर’ आणि ‘शोधणे’ हे दोन शब्द माझ्या वहीत ‘चाओ’ असेच उतरले होते, दोन्ही तिसऱ्या सुरातले. पंधरा दिवसांनी कोणता कुठला ते मलाच सांगता येईना. सुरांची खूण शिरोरेषेवर काढावी तर तिथे आधीच मात्रा आणि अनुस्वार बसलेले असतात. आणि ‘शांग’ असं लिहिलं की आपली जीभ शेवटचा ‘ग’ म्हणतेच. चिनीत तो नसतो, फक्त ‘वाङ्मय’मधला ङ असतो. फोनवर चिनी टाइप करायचं तर पिनयिन लागतेच.

म्हणून सगळं देवनागरीत लिहा असं मी कुणाला सांगणार नाही. माझ्या वहीत आज शब्द पिनयिनमध्ये असतो, सूर लाल शाईत, अर्थ आणि वाक्यरचना मराठीत. समजावून घेणं मराठीतून, लिहिणं पिनयिनमध्ये, अशी ही वाटणी आहे.

वर्षाच्या आत परीक्षा द्यायची असेल, किंवा कार्यालयातले सगळे इंग्रजीतून शिकत असतील, तर इंग्रजी वाट धरायला माझी हरकत नाही. जुन्या पद्धतीत पहिल्या पातळीच्या त्या परीक्षेत तोंडी भाग नव्हता, तेव्हा उच्चाराचं दुखणं तिथे उघडंही पडलं नसतं. ज्यांचा कान मुळात तयार आहे, गाणं शिकलेले वगैरे, त्यांना माझ्याइतका त्रास कदाचित होणारही नाही. पण समोर माणूस बसवून बोलायचं असेल तर पहिले दोन महिने मराठीतून काढा, असं मला मनापासून वाटतं. शिक्षक पूर्ण वेळ परवडत नसेल तर निदान आठ-दहा तास घ्या, आणि ते सगळे उच्चारावर खर्च करा. शब्द नंतर ॲपवर भरभर वाढवता येतात. मीही आता रोज सकाळी बसमध्ये तेच करतो, राजगुरुनगरपासून चाकणपर्यंत.