सहकारनगरच्या बंगल्यातला गुलमोहर काढून घेतला, खर्चाचा पूर्ण हिशोब आणि कामाचा रिव्ह्यू

रेटिंग पाचपैकी चार. काम पुण्यात सहकारनगरला, छोटा बंगला, कंपाउंडला लागून जुना मोठा गुलमोहर. एकूण खर्च साधारण ४४ हजार, त्यातले झाड उतरवून लाकूड नेण्याचे २८ हजार आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. आकडा आधीच टाकतेय कारण मी चौकशी करत होते तेव्हा कोणी सरळ सांगायलाच तयार नव्हतं, ज्याला विचारावं तो "ताई, बघून सांगतो".

झाड का काढलं ते आधी सांगते, नाहीतर लोक चिडतात आणि चिडायलाच पाहिजे, हिरवंगार झाड पालापाचोळा पडतो म्हणून तोडणाऱ्यांचा मलाही राग येतो. आमच्या झाडाला बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, तपकिरी रंगाची बशीएवढी टणक अळंबी आली होती, वरून चकचकीत आणि कडेला पांढरी. एक काढली की पुढच्या पावसात शेजारी दुसरी. ही गॅनोडर्मा नावाची बुरशी, ती मुळं आणि बुंधा आतून कुजवते, वर फुलं तशीच येत राहतात म्हणून कळत नाही. बुंध्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर एका बाजूला भरीव आवाज आणि रस्त्याच्या बाजूला पोकळ. त्यात गुलमोहर मूळचा मादागास्करचा, मुळं वरवर पसरणारी, लाकूड ठिसूळ, आणि आमच्या लेनमध्ये काँक्रीट करताना एका बाजूची मुळं छाटली गेलेली. खाली मुलं स्कूलबसची वाट बघत उभी असतात. फांद्या हलक्या करून भागेल का हे आधी विचारलं, महापालिकेच्या उद्यान विभागातून पाहणीला आलेल्यांनी बुंधा बघून नाही म्हणून सांगितलं, मग विषय संपला.

आता कोटेशन. पहिला म्हणाला १२ हजार. ऐकायला मस्त वाटतं, पण खोदून विचारलं तेव्हा कळलं की १२ हजारात तो फक्त झाड पाडणार, फांद्या आणि ओंडके आमच्या अंगणात टाकून जाणार, गाडी आमची, बुंधा तसाच. वर "परमिशनचं काय एवढं, रविवारी सकाळी उरकून टाकू". त्याला तिथेच नको म्हटलं. १९७५ चा कायदा आहे, महाराष्ट्राच्या शहरी भागातलं झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि केस झाली तर मालकावर होते, तो माणूस कटर घेऊन कधीच निघून गेलेला असतो. दुसऱ्याने ४० सांगितले, सगळं धरून, पण क्रेन लागणारच म्हणत होता आणि आमच्या लेनमध्ये क्रेन वळतच नाही हे त्याने बघितलंही नव्हतं. तिसरे एक वयस्कर कॉन्ट्रॅक्टर, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते आले, झाडाभोवती चक्कर मारली, वर बघण्याआधी खाली बघितलं, शेजाऱ्यांचा पत्रा कुठे, पाण्याची टाकी कुठे, वायर कुठून जाते, टेम्पो कुठपर्यंत येतो, आणि २८ हजार सांगितले, बुंधा वेगळा. त्यांनाच काम दिलं.

भाव कशावर ठरतो तर झाडाच्या उंचीपेक्षा खाली जागा किती आहे यावर, हे मला मामांचं काम बघून पक्कं पटलं. माझ्या भावाने गावी शेतातली मोठी बाभूळ काढली तर लाकडाच्या व्यापाऱ्याने उलट त्यालाच पैसे दिले, बुंध्याशी कापली, आडवी झाली, ट्रॉलीत भरली, संपलं. (गावीसुद्धा साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, चंदन वगैरे झाडांना परवानगी लागते बरं का, तो १९६४ चा वेगळा कायदा आहे, बाभूळ त्या यादीत नाही म्हणून जमलं.) शहरात झाड आडवं पाडायला जागाच नसते, वरून एकेक तुकडा दोराने बांधून उतरवावा लागतो, म्हणजे तेच काम दहापट मजुरीचं. आणि गुलमोहराच्या लाकडाला भाव नाही, जळणालाच जातं. झाड सागाचं किंवा आंब्याचं असेल तर लाकडाची किंमत कोटेशनमधून वजा करायला लावा, ते आपणहून करत नाहीत.

परवानगीला वेळ लागतो ते धरून चला. अर्ज, फोटो, मालकीचा कागद, मग पाहणी, मग झाडाला नोटीस चिकटवतात आणि पेपरात जाहीर करतात, हरकतीसाठी सात दिवस. समोरच्या काकांनी नोटीस वाचून आम्हाला येऊन विचारलं, त्यांना पोकळ बुंधा दाखवला, त्यांना पटलं. ही पद्धत असलीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. २०२१ च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं, त्याचे नियम अजून कडक. फी आणि डिपॉझिट वॉर्डातच विचारून घ्या, ते मी वरच्या ४४ मध्ये धरलेलं नाही.

कामाचा दिवस गुरुवार ठरवला कारण फांद्या लेनमधल्या वायरला टेकलेल्या आणि गुरुवारी तसंही मेंटेनन्सला लाइट जाते, तरी महावितरणच्या ऑफिसात आधी सांगून खात्री केली. सकाळी मामांचा एक पोरगा वर चढला, आधी सगळ्या फांद्या फिरून घरटी आहेत का बघून आला, मग कामाला हात. पद्धत बघण्यासारखी आहे. दोर वरच्या बेचक्यातून घेतलेला, एक टोक कापायच्या फांदीला, दुसऱ्या टोकाचे खाली बुंध्याला दोन वेढे आणि तिथे एक माणूस उभा. वरून कटर चालला, फांदी कडकन मोडली, की खालचा माणूस दोर हळूहळू सैल सोडतो, वेढ्यांमुळे वजन त्याच्या हातावर येतच नाही, आणि दोन माणसांच्या वजनाची फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्याला न शिवता अंगणात बरोबर मधे उतरते. मामा खालून फक्त "सोड, सोड, थांब, सोड" एवढंच बोलत होते. संध्याकाळपर्यंत फक्त खोड उरलं, तेही तुकड्यातुकड्याने काढलं. आतून खरंच भुसा झाला होता, मूठभर काढलं तर हातात चुरा, बघून सासूबाई म्हणाल्या बरं झालं वेळेत काढलं, आणि झाड त्यांनीच लावलेलं होतं.

बुंध्याचे वेगळे साडेसहा हजार. जेसीबी आत येत नव्हता म्हणून माणसांनी खणून मुळं तोडली. ज्यांच्याकडे जागा मोकळी आहे त्यांनी बुंधा जमिनीच्या थोडा खालपर्यंत कापून वर माती टाकली तरी चालतं, पैसे वाचतात, आम्हाला तिथूनच ड्रेनेजची लाइन बदलायची होती म्हणून काढावाच लागला.

आणि एक खर्च जो कोणीच कोटेशनमध्ये सांगत नाही तो म्हणजे नवी झाडं. नव्या नियमानुसार तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची आणि जगवायची. आमचं झाड साधारण पस्तीस वर्षांचं, तेवढी रोपं. परवानगीच्या कागदावर अट लिहून येते, नीट वाचा. सहा फुटी रोप नर्सरीत दोनशेच्या आसपास पडलं, म्हणजे सात हजार, वर टेम्पो, खत आणि खड्डे खणायची मजुरी अडीच हजार. कडुलिंब, बहावा, ताम्हण आणि करंज घेतले, अधिकाऱ्यांना विचारून सोसायटीच्या ओपन स्पेसमध्ये लावले, पाण्याची पाळी आम्ही शेजाऱ्यांनी वाटून घेतली आहे. या खर्चाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, उलट हा पैसा सगळ्यात चांगला लागला.

मग एक स्टार का कापला? वर चढणाऱ्या पोराला कमरेला पट्टा होता पण डोक्याला हेल्मेट नाही. मी सकाळीच मामांना म्हटलं, "मामा, हेल्मेट कुठंय त्याचं?", तर म्हणाले "ताई, त्याला सवय आहे". मग आमच्या घरातलं गाडीचं हेल्मेट दिलं, त्याने थोडा वेळ घातलं आणि गरम होतं म्हणून काढून ठेवलं. कामगारांचा विमाही नव्हता. पंधरावीस फुटांवर चालू कटर हातात घेऊन उभं राहणारा माणूस, त्याच्यासाठी दोनतीन हजार जास्त घ्या पण हे करा, असं मी पैसे देताना मामांना स्पष्ट सांगितलं. तुम्ही कोणालाही काम द्या, कोटेशन घेतानाच हेल्मेट आणि विम्याचं विचारा आणि तेवढे पैसे जास्त द्यायची तयारी ठेवा.

बाकी काम एकदम चोख, अंगण झाडून, भुसा पोत्यात भरून गेले, कंपाउंडच्या एका फरशीला तडा गेला तो त्यांनी स्वतः दाखवला आणि त्याचे पाचशे कमी केले. पैसे अर्धे आधी, अर्धे लाकूड गेटबाहेर गेल्यावर, असंच ठरवा. आणि मे महिन्यात फोन करू नका, पावसाच्या आधी सगळ्यांनाच झाडं आठवतात आणि भाव चढतो, दिवाळीनंतर काढलं तर मामा स्वतःच म्हणाले की चारपाच हजार कमी घेतो.