पिल्लू भरवायचा संच: चमच्याला पैकीच्या पैकी, थर्मामीटरला भोपळा

आधी निकाल सांगतो, कहाणी नंतर. पावडर चांगली. चमचा उत्तम. सिरिंजा आठवडाभराच्या सोबती. नळ्या उघडल्या उघडल्या फेकून द्या. थर्मामीटर धोक्याचा. आणि सोबतचं माहितीपत्रक ज्याने लिहिलं, त्याने तोंड मिटून बसलेलं पोपटाचं पिल्लू बहुधा कधी पाहिलेलं नाही. आमचं पाखरू ज्या वस्तूमुळे वाचलं ती तर या खोक्यात नाहीच. ती म्हणजे काटा.

मी सराफी पेढीवर काट्यामागे बसतो, बावीस वर्षं. दिवसभर ग्रॅम आणि मिलीग्रॅम. एवढं असून घरात एक जीव माझ्या डोळ्यांदेखत हलका होत होता आणि त्याचं वजन करावं हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं. हा परीक्षणलेख म्हणजे थोडी त्याची कबुलीपण आहे.

लेकीने कॉकटीलचं, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाचं, पिल्लू आणलं. राखाडी, म्हणून नाव भुऱ्या. विकणारा म्हणाला, नऊ आठवड्यांचा आहे, स्वतःचं स्वतः खातो, बिनधास्त राहा. पहिला दिवस त्याने काही खाल्लं नाही. नव्या जागी बुजला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी वाटीत टरफलं दिसली आणि आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, ह्याची शी बघ ना. एवढीशीच आहे, आणि नुसती गडद हिरवी." वाटीवर फुंकर मारून पाहिलं तर टरफलांखाली दाणे तसेच, अर्धवट चावून टाकलेले. चोचीत घेत होता, चघळत होता, टाकत होता. पोटात एक कण नाही. छातीवरून बोट फिरवलं तर मधलं हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागलं.

पेढीवर एक जुना काटा पडून होता, तो मालकांना विचारून घरी आणला. भुऱ्याला एका छोट्या डब्यात बसवलं, डब्याचं वजन आधी शून्य करून घेतलं. ७४ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळी ७१. तीन ग्रॅम म्हणजे किती, असं कुणाला वाटेल. सत्तर किलोचा माणूस रात्रीत जवळपास तीन किलो उतरावा, तेवढं. त्याच सकाळी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण खोक्यावर ती कुठेच छापलेली नाही. पिल्लू खात नाही म्हटल्यावर हा संच मागवून थेट भरवायला बसू नका. डॉक्टर मॅडमनी आधी त्याचा क्रॉप चाचपला. क्रॉप म्हणजे गळ्याच्या खाली, छातीच्या वर असलेली अन्नाची पिशवी. त्यात जुनं अन्न साचून आंबलं असेल, बुरशी किंवा जंतू असतील, तर वरून आणखी भरवणं म्हणजे आगीत तेल. त्यांनी तिथला नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, विष्ठाही पाहिली. संसर्ग नव्हता. मग शेपूट पाहिली, आखूड. तुरा तोकडा. नाकाजवळची कातडी अजून गुलाबी. "नऊ कसले, सात आठवडे झाले असतील नसतील," म्हणाल्या. कॉकटील साधारण आठ ते दहा आठवड्यांत भरवणं सोडून स्वतः खायला लागतो, काही त्याहून उशिरा. म्हणजे आमच्याकडे आलेलं हे तान्हंच होतं. त्यात जागा बदलली की थोडंफार खायला शिकलेलं पिल्लूसुद्धा शिकलेलं विसरून पुन्हा भरवून मागतं. भुऱ्या कोपऱ्यात बसून मान खालीवर करत घरघर आवाज काढायचा, तो रुसवा नव्हता. तो जेवण मागत होता आणि आम्ही त्याला "गातोय बघ" म्हणत होतो.

तर, दिवसातून तीन वेळा भरवायचं ठरलं आणि हा संच आला. आत पावडरचा डबा, तीन मापांच्या सिरिंजा, कडा वर वळवलेला स्टीलचा चमचा, दोन मऊ नळ्या, काडीसारखा थर्मामीटर आणि चार घड्यांचं माहितीपत्रक.

पावडर बारीक दळलेली आहे. कोमट पाण्यात टाकून अर्धा मिनिट ढवळली की गुठळ्या मोडतात, पण लगेच भरवू नका. दोन मिनिटांत ती आणखी घट्ट होते आणि मग कळतं की पाणी कमी पडलंय. उपाशी पिल्लाला पहिलं जेवण पातळ आणि थोडं. आम्हाला चार मिली सांगितलं होतं. ते क्रॉपमधून खाली उतरल्यावरच पुढचं, आणि मग हळूहळू वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे आमच्या बाबतीत सात मिली. उरलेलं मिश्रण ठेवून पुन्हा गरम करायचं नाही, फेकायचं. कोरडी पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये छान राहिली. वास जरा बिस्किटासारखा. लेकीने चव पाहिली आणि तोंड वाकडं केलं, पण जेवणारी ती नव्हती.

आता थर्मामीटर. हे जेवण ४० ते ४२ अंशांच्या दरम्यान हवं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याहून गार झालं की पिल्लू तोंड फिरवतं, घेतलंच तर क्रॉपमध्ये पडून राहतं. ४३च्या पुढे गेलं की क्रॉप आतून भाजतो, आणि त्याची जखम बाहेर दिसायला कित्येक दिवस जातात. मी काडी वाटीत बुडवली. ४० दाखवलं. सवयीने मनगटावर थेंब टाकला आणि हात झटकला. पेढीवर सकाळी पहिलं काम काय, तर ठरलेलं वजन ठेवून काटा तपासायचा. इथे मी ते विसरलो होतो. कपात कोमट पाणी घेऊन त्यात ही काडी आणि घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर दोन्ही धरले. तापाचा ४०.१ म्हणाला, खोक्यातला ३७. तीन अंशांचा फरक! म्हणजे याच्यावर विसंबून ४० केलं असतं, तर भुऱ्याच्या गळ्यात ४३ अंशांचं ओतलं असतं. तक्रार केली, त्यांनी बदलून दिला. बदललेला दोन अंशांनी चुकतो. भोपळा तो भोपळाच. मायक्रोवेव्हमध्ये तर मिश्रण गरम करूच नका, वर कोमट आणि आत एखादा उकळता गोळा असं होतं. मोठ्या भांड्यात गरम पाणी, त्यात ही वाटी, आणि मापायच्या आधी पुन्हा ढवळणं.

सिरिंजेची गंमत अशी की नवी असताना ती लोण्यासारखी चालते. पद्धत डॉक्टरांनी हातात धरून शिकवली. पिल्लू सरळ उभं, सिरिंज त्याच्या डाव्या बाजूने चोचीत आणि रोख उजवीकडे, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने खाली जाते आणि श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं. तो मान हलवून मागत असेल तेव्हाच दांडा दाबायचा. थांबला की थांबायचं. जबरदस्तीने ओतलं तर अन्न फुप्फुसात जातं. हे सगळं पाळत होतो. आठव्या दिवशी, रोज गरम पाण्याने धुऊन धुऊन रबर फुगलं, दांडा अडकला, मी जरा जोर दिला आणि तो सटकून दीड-दोन मिली एकदम आत गेलं. भुऱ्या शिंकला, नाकातून फेस आला, मान झटकून भिंतीवर ठिपके उडवले. मी तसाच गोठून बसलो. लेक रडायला लागली. पाच मिनिटांनी तो पुन्हा घरघर करत मागायला लागला, पण माझे हात त्या दिवशी पेढीवरसुद्धा थरथरत होते. रात्री श्वास घेताना शेपूट हलतेय का ते बघत बसलो, कारण ते वाईट लक्षण. तसं झालं नाही, तरी दुसऱ्या दिवशी दाखवून आणलं.

त्या दिवसापासून चमचा. दोन्ही कडा वर वळवलेल्या, पुढे चोचीएवढी निमुळती धार. पिल्लू स्वतः पितं, आपण फक्त धरायचं. वेळ दुप्पट लागतो, अर्धं जेवण त्याच्या छातीवर आणि आपल्या शर्टावर सांडतं, कोमट फडक्याने लगेच पुसावं लागतं नाहीतर पिसांवर सिमेंटसारखं वाळतं. पण घाईने आत ढकलायची सोयच नाही. नुसता चमचा वेगळा विकत मिळाला तर माझी शिफारस डोळे मिटून. नळ्यांबद्दल दोनच वाक्यं: त्या सिरिंजेच्या टोकावरून सुटतात आणि पिल्लू गिळतं. डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर कचऱ्यात टाकल्या.

माहितीपत्रकात अगदी लहान, डोळे न उघडलेल्या पिल्लांसाठी दिवसवार तक्ता आहे, सुबक. मोठ्या पिल्लाबद्दल एकच ओळ: यानंतर पक्षी स्वतः खाऊ लागतो. अहो, कसा? अडलंय तेच तर तिथे! आम्ही केलं ते असं. खोल वाट्या काढून टाकल्या, कारण आत चोच घालायला तो घाबरायचा. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरं फडकं आणि त्यावर दाणे पसरून ठेवले. राळ्याचं अख्खं कणीस त्याच्या बसायच्या दांड्याजवळ टांगलं, पोपटाच्या पिल्लांना पहिलं कळतं ते हेच. मी फडक्यावर नखाने टकटक करत दाणे टिपायचं नाटक करायचो. पाखरं एकमेकांचं बघून खायला शिकतात, आणि त्याच्या घरात दुसरं पाखरू मीच. बायको म्हणाली, "पेढीवर नका करू हे." अकराव्या दिवशी तो खाली उतरला, माझ्या नखाशेजारी चोच आपटली. बाराव्या दिवशी राळ्याचा दाणा सोलून गिळला. गिळला हे कशावरून? शेजारी फक्त टरफल होतं, आणि काट्यावर ८४.

काट्याशिवाय यातलं काहीच कळलं नसतं. रोज सकाळी, पहिल्या शीनंतर, जेवणाआधी वजन. दुपारचं भरवणं बंद केलं तेव्हा ८४चे ८२ झाले. घाबरलो, पण दूध तुटताना, म्हणजे पोपटाच्या भाषेत भरवणं तुटताना, आणि उडायला लागताना पिल्लू थोडं उतरतंच. दहा टक्क्यांच्या आसपास गेलं तर मात्र थेट डॉक्टर. चार दिवसांत ८४ परत आले, मग सकाळचं बंद केलं. रात्रीचं सगळ्यात शेवटी, तेही त्याने स्वतःच सोडलं. चमचा पुढे केला तर त्याने तो चोचीत धरला, खाली टाकला आणि पडल्याचा आवाज ऐकायला मान वाकडी केली.

दोन महिन्यांनी हे लिहितोय. भुऱ्या ९१ ग्रॅम, काट्याच्या पात्रात स्वतः उडी मारून बसतो. संचाला पाचपैकी अडीच. अर्धा गुण पावडरचा, दोन चमच्याचे. पत्रक पिंजऱ्यात लावलंय, त्याचा तक्त्याचा भाग भुऱ्याने कुरतडून संपवला, आता तो त्या एका ओळीपर्यंत पोहोचलाय.