रोजच्या फोटोंसाठी फोन की वेगळा कॅमेरा?

नवा भारीतला फोन घ्यावा, की आहे तो फोन चालवून वेगळा कॅमेरा घ्यावा, असं विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. त्याला फोनच घ्यायचा असतो, फक्त कुणीतरी 'घे' म्हणायला हवं असतं. त्यात काही गैर नाही. जगाचा कौलही तोच आहे. २०१० साली जपानी कंपन्यांनी १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते, २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही खाली आला.

माझ्याकडे दोन्ही आहेत. कॅमेरा म्हणजे कॅनन १५००डी, २०१८ चं मॉडेल, आज कुणी वळूनही बघणार नाही असं. फोन त्यापेक्षा बराच नवा. मेगापिक्सेलची चर्चा करत नाही, ती दुकानदार करेलच.

आधी फोनच्या बाजूने बोलू, कारण ती बाजू खरंच भक्कम आहे. भर उन्हात, घराबाहेर काढलेले फोटो मोबाईलच्याच पडद्यावर बघणार असाल तर दोन्हींतला फरक मलाही सांगता येत नाही. सावलीतला माणूस आणि मागचं लख्ख आभाळ एकाच फोटोत नीट आणायचं काम फोन जास्त सफाईने करतो. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनमध्ये नाइट साइट, म्हणजे अंधारात फोटो काढायची सोय, आणलं आणि मग सगळ्यांनीच तसलं काहीतरी दिलं. रात्री लायटिंग केलेल्या देवळाचा फोटो ट्रायपॉडशिवाय, नुसत्या हातात धरून काढायचा असेल तर माझा कॅमेरा फोनच्या जवळपासही येत नाही. व्हिडिओचं तर विचारूच नका. शिवाय बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, पार्किंगमधला खांब क्रमांक यांसाठी कुणी कॅमेरा काढत नाही.

कॅमेऱ्याचे ताप वेगळेच. घरच्या कार्यात तो गळ्यात दिसला की तुम्ही बिनपगारी फोटोग्राफर झालात म्हणून समजा. 'दादा, आमचा एक काढ ना' इथपासून सुरुवात होते, आणि पुढचा आठवडाभर 'फोटो पाठवलेस का?' चालू राहतं. कार्ड काढा, रीडरला लावा, निवडा, मग ग्रुपवर टाका. तोवर फोनवाल्यांचे फोटो सगळीकडे पोचून शिळेही झालेले असतात. बागेत किंवा वाड्यात गेलात तर वॉचमन लांबून शिट्टी मारतो, 'मोठा कॅमेरा अलाऊड नाही'. शेजारी तुमच्या कॅमेऱ्याच्या तिप्पट किमतीच्या फोनवर अख्खं प्री-वेडिंग चालू असतं, ते त्याला चालतं! पावसाळ्यात, त्यातही कोकणात, लेन्सला बुरशी धरते ती गोष्ट निराळीच. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा, म्हणजे हाताशी हवा तेव्हा तो नेमका डब्यात.

एवढं सगळं असून माझा कल कॅमेऱ्याकडे झुकला तो एका बारीकशा गोष्टीमुळे. कुणाला ती क्षुल्लक वाटेल.

आमच्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. लहानपणी गावात गोंदवून घेतलेलं. आता त्याचा हिरवा रंग इतका फिका झालाय की सुरकुत्यांमध्ये तो शोधावा लागतो. संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात ती मेथी निवडत बसली होती, तेव्हा फोनवर तिचे फोटो काढले. पडद्यावर छान दिसले. मोठे करून बघितले तर हनुवटीवरचे ठिपके गायब. कपाळावर नुसती हिरवट सावली. कातडी मेणासारखी गुळगुळीत, रंग दोन छटा उजळ, आणि लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा मात्र गरजेपेक्षा जास्त कोरलेला. ब्यूटी मोड बंदच होता, सेटिंगमध्ये दोनदा जाऊन बघितलं.

यात फोनचा दुष्टपणा नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, नखाएवढा. मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमधला मोठ्यातला धरला तरी माझ्या जुन्या कॅननचा त्याच्या जवळजवळ तिप्पट भरतो. कमी उजेडात फोन एकापाठोपाठ एक फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो आणि जे दाणेदार दिसतं ते पुसून टाकतो. चेहरा ओळखू आला की त्याच्यावर आणखी वेगळा हात फिरवतो. कातडीवरचा फिका डाग म्हणजे दाणे की गोंदण, हे त्याला कळायचं कसं? त्याच बैठकीत १५००डी वर आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० ठेवून काढलेल्या फोटोत दाणे भरपूर आहेत, रंगही ट्यूबमुळे जरा पिवळट-हिरवा आलाय. पण ठिपके मोजता येतात. शटर १/२५० सेकंदावर असल्याने मेथी खुडणारी बोटंही फरफटलेली नाहीत. फोनवर त्या बोटांचा लगदा झाला होता.

तुमच्या फोनवर असं होणार नाही, शक्य आहे. एका नातेवाइकाच्या बऱ्याच महाग फोनवर गोंदण आलं होतं, उजळपणा मात्र तोच. फोनमध्ये रॉ, म्हणजे असा हात न फिरवलेले, फोटो काढायची सोय असते, तेही मान्य. पण स्वयंपाकघरात उभं राहून सगळं हाताने ठरवायचा प्रो मोड रोज कोण उघडतं? तेवढा खटाटोप करायचाच तर मग कॅमेरा काय वाईट. पोर्ट्रेट मोडबद्दल एकच सांगतो: गजरा माळलेल्या बाईचा फोटो त्यात काढा आणि अर्धी फुलं कुठे गेली ते बघा.

तेव्हा प्रवास, निसर्ग, व्हिडिओ आणि लगेच पाठवायची घाई हेच तुमचं बहुतेक काम असेल, तर फोनवर पैसे घाला, माझी हरकत नाही. घरातली माणसं, तीही संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात, असं असेल तर मी म्हणेन फोन बदलणं वर्षभर पुढे ढकला आणि माझ्यासारखी जुनी डीएसएलआर बॉडी, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, बघा. सोबत येणारी १८-५५ एमएम लेन्स उजेड कमी आत घेते, म्हणून घरात अंधारी पडते. सगळे ५० एमएम एफ/१.८ घ्यायला सांगतात (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), आणि लेन्स उत्तमच आहे, पण या बॉडीवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणजे समोरचं जवळ ओढून दाखवते. दहा बाय दहाच्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ कपाटाला टेकते आणि फ्रेममध्ये फक्त चेहरा उरतो. कॅननची चपटी २४ एमएम एफ/२.८ घरासाठी जास्त सोयीची, वजन जेमतेम १२५ ग्रॅम. निकॉन मिळाला तर ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स.

सेकंडहँड घेताना, मग ते मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात असो की ओळखीतल्या कुणाकडून, बॉडीवरच्या ओरखड्यांकडे फार बघू नका. लेन्स कॅमेऱ्यापासून सुटी करा, मागून फोनचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे दोन-चार कण असतात, त्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मग कितीही स्वस्त देत असले तरी ती लेन्स घेऊ नका.