धरमपेठेतला हीटमॅपचा वीकेंड क्लास: जावं का?

हीटमॅप म्हणजे तक्त्यातल्या आकड्यांना लहान-मोठ्याप्रमाणे रंग देणं. एक्सेल येत असेल तर जा भाऊ, नाहीतर पहिला तास डोक्यावरून जाईल. सर शिकवतात मात्र झकास, नागपूरच्याच तापमानाचा तक्ता घेतला, आडवे महिने उभी वर्षं, आकडे वाचून काही समजत नव्हतं पण एक्सेलच्या कंडिशनल फॉरमॅटिंगमधून कलर स्केल (आकड्याप्रमाणे खान्याला रंग) लावला आणि मे चा अख्खा पट्टा लालभडक झाला, बघूनच घाम फुटला. मग सरांनी मुद्दाम एका खान्यात ४६ च्या जागी ४६० टाकलं, तर तेवढाच खाना लाल आणि बाकी सगळं एकाच रंगाचं, मे कोणता न् डिसेंबर कोणता काही कळेना! म्हणजे रंग लावायच्या आधी डेटा तपासा, नाहीतर स्केलची कमाल-किमान मर्यादा स्वतः ठरवा.

दुसऱ्या दिवशी सीबॉर्न, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली आलेख काढायची लायब्ररी, ते जरा घाईत उरकलं. पण सरासरीपेक्षा कमी-जास्त दाखवायचं असेल तर मधे फिका आणि दोन्हीकडे वेगळे रंग, हे नीट समजावलं. लाल-हिरवी जोडी टाळा म्हणे, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरकच दिसत नाही.

नोट्स मात्र ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स, हीटमॅपच्या क्लासला, बोला आता! गंमत म्हणजे त्यातही व्हिरिडिस नावाच्या रंगपट्टीतला हीटमॅप वाचता येत होता कारण त्याचा उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा वाढत जातो, इंद्रधनुषी रंगांचा पार चिखल झाला होता. एसी नावालाच आहे, उन्हाळ्यातली बॅच घेऊ नका.