लॅपटॉप चालूच होत नाही: तपासणीच्या संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

हा अनुभव एखाद्या लॅपटॉपचा नाही, तर लॅपटॉप बंद पडला की बाहेर काढायच्या हत्यारांच्या पिशवीचा आहे. नोव्हेंबर ते जून, म्हणजे नाशिकची कोरडी थंडी, एप्रिल-मेचा उकाडा आणि पहिला पाऊस, असे तिन्ही ऋतू संचाने पाहिले. त्यात आहे ते असं: साधा डिजिटल मल्टिमीटर, चार्जर आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायचा टाइप-सी मीटर, १० ओहम ५० वॅटचा अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणातला रेझिस्टर, २० व्होल्टचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सी चार्जरकडून जास्त व्होल्ट मागायची पद्धत) ट्रिगर, पीएच०, पीएच०० आणि टी५ ही तीन स्क्रूड्रायव्हर टोकं, प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची १०० मिलीची बाटली, जुना मऊ टूथब्रश, वायर लावलेला सीआर२०३२ सेल आणि ३२ जीबीचा पेनड्राइव्ह. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची प्रत्येकी एक ८ जीबीची, चांगली असल्याची खात्री केलेली रॅम वेगळ्या डबीत ठेवली आहे. रॅम सोडली तर सगळं मिळून साधारण तीन हजारांत बसतं. बहुतेक वस्तू एमजी रोडच्या दुकानांत मिळतात. रेझिस्टर आणि ट्रिगर मात्र इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याकडेच विचारावे लागतात.

सगळ्यात जास्त वापरला गेला तो टाइप-सी मीटर. लॅपटॉप ‘मेला’ म्हणून समोर आला की तो उघडायच्या आधी हा मीटर मध्ये लावायचा आणि दोनच आकडे वाचायचे, व्होल्ट आणि अँपिअर. करंट कुठपर्यंत पोचतो हे कळलं की अर्धं निदान तिथेच झालेलं असतं.

मीटर ५ व्होल्टवरच अडकला आणि करंट जवळपास शून्य असेल, तर चार्जर आणि लॅपटॉपची बोलणीच झालेली नाहीत. पहिला संशय केबलवर घ्यायचा. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेल्या केबलमधून २० व्होल्ट पीडी येतच नाही. दुसरा संशय चार्जरवर. मोबाइलचा २० वॅटचा चार्जर बहुधा ९ व्होल्टपर्यंतच जातो आणि बहुतेक लॅपटॉप तो नाकारतात. केबल आणि चार्जर दोन्ही बरोबर असतील, तर पिन काढून उलटी करून लावा. एका बाजूने २० व्होल्ट येतात आणि दुसऱ्या बाजूने येत नाहीत असं दिसलं, तर पोर्टमधली सीसी नावाची संपर्करेषा त्या बाजूला खराब आहे किंवा तिच्यात कचरा बसला आहे. लाकडी टूथपिक आणि अल्कोहोलने पोर्ट साफ करून पुन्हा बघा. सुई किंवा टाचणी आत घालू नका, आतली जीभ फार नाजूक असते.

२० व्होल्ट येतात, करंट ०.०० ते ०.०२ च्या आसपास आहे आणि बटण दाबूनही आकडा हलत नाही, तर वीज पोर्टपर्यंत आली, पण बोर्ड जागा होत नाहीये. इथे हार्ड रीसेट करावा. चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण ३० ते ४० सेकंद दाबून धरा. बऱ्याच थिंकपॅडच्या तळाला त्यासाठी बारीक भोक दिलेलं असतं, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप काही सेकंद दाबायची. बॅटरी आतली असेल तर तळ उघडून तिचा कनेक्टर सोडवणं हाच पक्का मार्ग. एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप अडकून बसलेली असते, ती पूर्ण वीज गेल्याशिवाय सुटत नाही.

बटण दाबल्यावर करंट अर्ध्या-एक अँपिअरपर्यंत चढतो आणि वरखाली होत टिकतो, तर लॅपटॉप चालू आहे, फक्त पडदा काळा आहे. आकडा चढतो, दोन-तीन सेकंदांत शून्यावर येतो, पुन्हा चढतो आणि हेच चक्र चालू राहतं, तर रॅम किंवा बोर्डावरचा शॉर्ट. आणि बटण न दाबताच दीड-दोन अँपिअर स्थिर जात असेल, तर बॅटरी भरते आहे, तिला अर्धा तास द्या. महिनोन्महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपची बॅटरी आधी अगदी कमी करंटने सावरते आणि मग नीट भरायला लागते. त्यामुळे दहा मिनिटांत निकाल लावू नका.

गोल पिनच्या अ‍ॅडॉप्टरसाठी मल्टिमीटर लागतो, पण एकट्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवणं ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक आहे. नुसता अ‍ॅडॉप्टर मोजला की १९.५ दाखवतो, म्हणून तो चांगला ठरवतात आणि बिचारा बोर्ड दोषी धरला जातो. आतला कपॅसिटर थकलेला अ‍ॅडॉप्टर रिकामा असताना पूर्ण व्होल्टेज देतो आणि भार पडला की कोसळतो. त्यासाठीच तो १० ओहमचा रेझिस्टर. १९.५ व्होल्टवर तो जवळजवळ २ अँपिअर ओढतो, म्हणजे ३८ वॅट. ६५ वॅटच्या अ‍ॅडॉप्टरला हे सहज पेलायला हवं. भाराखाली व्होल्टेज अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त उतरलं, किंवा दिवा लुकलुकायला लागला, तर अ‍ॅडॉप्टर बदला. रेझिस्टर जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रूने कसून बसवा आणि चाचणी दहा सेकंदांत संपवा. तो हात भाजेल इतका तापतो. टाइप-सी अ‍ॅडॉप्टर तपासायचा असेल तर मध्ये पीडी ट्रिगर लावायचा, तो चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेतो.

डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या मधली बारीक काडी वीज नेत नाही, ओळख सांगते. ती वाकली किंवा तुटली तर डेलचा लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरही मंदावतो. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर यालाच लोक ‘चालू होत नाही’ म्हणतात. दिलासा असा, की गोल पिनचा जॅक बऱ्याच मॉडेलमध्ये वायर आणि प्लगसह सुटा मिळतो आणि सोल्डरिंग न करता बदलता येतो. टाइप-सी पोर्ट मात्र बहुधा थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो.

पडदा काळा, पण लॅपटॉप जिवंत, यालाच दुरुस्तीवाले ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. इथे हत्यारांपेक्षा निरीक्षण कामी येतं. कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो तर बोर्ड बराच पुढे पोचला आहे. पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट किंवा बिजागरीतून जाणारी केबल गेली. एचडीएमआयने टीव्ही जोडून पाहा. डेलवर डी दाबून ठेवून पॉवर बटण दाबलं की पडदा स्वतःची चाचणी म्हणून एकामागून एक रंग दाखवतो. रंग नीट दिसले तर पॅनेल चांगलं. चुंबकाचं कडं किंवा मोबाइलच्या कव्हरचं लोहचुंबक कीबोर्डच्या कडेला असेल, तर झाकण बंद आहे असं समजून लॅपटॉप पडदा विझवतो. हे तपासायला काही खर्च येत नाही, म्हणून सगळ्यात आधी तपासा.

दिव्यांची भाषाही शिकून घ्यावी. डेलच्या अनेक मॉडेलमध्ये दिवा दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा लुकलुकला तर रॅम सापडत नाही, दोन-चार म्हणजे रॅम खराब, दोन-दोन म्हणजे बायॉस (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) किंवा बोर्ड, तीन-एक म्हणजे सीमॉस सेल (बायॉसचं सेटिंग जपणारा, संचातल्या सीआर२०३२ सारखा). एचपीमध्ये कॅप्स लॉक तीनदा लांब आणि दोनदा आखूड लुकलुकला तर रॅमकडे पाहा, दोन-दोन असेल तर बायॉसकडे. एचपीवर विंडोज आणि बी ही बटणं दाबून ठेवून पॉवर बटण दोन-तीन सेकंद दाबलं की बायॉसची दुरुस्ती सुरू होते. डेलवर कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावायचा. बायॉसचं अपडेट चालू असताना वीज गेल्यामुळे बंद पडलेले लॅपटॉप यातून परत उभे राहतात, म्हणून बोर्ड बदलायला होकार देण्याआधी हे करून बघाच.

रॅमची गोष्ट नाशिकमध्ये थोडी निराळी आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षबागांवर भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी होते, आणि पॅकहाउसमध्ये पेट्यांत घालायचे ग्रेप गार्डचे कागद सल्फर डायऑक्साइड सोडतात. गंधक तांब्या-चांदीला काळं करतं, आणि ओलसर हवेत त्या वायूचं आम्ल बनतं. अशा ठिकाणी वापरलेल्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या खाचा, बॅटरीचा कनेक्टर आणि चार्जिंग पोर्टभोवतीची जागा आधी बघा. खोडरबराने रॅमची टोकं घासायची सवय सगळीकडे आहे. त्याने कधी काम होतंही, पण वरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि खोडरबराचा चुरा खाचेत जाऊन बसतो. अल्कोहोल आणि टूथब्रश बरा, त्यातही खाच साफ करणं रॅमइतकंच महत्त्वाचं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं. साफ करून झालं की एकच रॅम एका खाचेत लावा, मग दुसऱ्या खाचेत, मग संचातली रॅम. डीडीआर५ असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काळा पडदा दोन-तीन मिनिटंसुद्धा राहू शकतो. त्या काळात बटण दाबून बंद केलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उघडताना तीन गोष्टी पाळा. बॅटरीचा कनेक्टर सर्वांत आधी सोडवा. स्क्रू ज्या जागेचे त्याच जागेचे ठेवा; कागदावर तळाची आकृती काढून त्यावर चिकटपट्टीने लावले की चुकत नाही. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरचा कीबोर्ड किंवा बोर्ड फोडतो. आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून रॅमला हात लावायच्या आधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करा. टचपॅड वर आलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. ती उचकटू नका, दाबू नका, नवी येईपर्यंत लॅपटॉप तिच्याशिवाय चालवा.

एसएसडीकडे दुर्लक्ष होतं. ती काढून लॅपटॉप चालू करा. बायॉसचा पडदा आला तर एसएसडीच शॉर्ट होती. लोगो येतो पण विंडोज येत नाही, हे वेगळं प्रकरण, आणि तिथे पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून बघायचा. सीमॉस सेल मेलेला असेल तर बायॉसचं सेटिंग बदलून जातं, आणि डिस्कचा मोड, म्हणजे तिने बोर्डाशी बोलायची पद्धत, रेड (RAID) वरून एएचसीआय (AHCI) वर गेला तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं. सेल मोजा, ३ व्होल्टचा सेल २.७ च्या खाली आला असेल तर बदला आणि मोड पूर्ववत करा. बायॉसला हात लावायच्या आधी मात्र बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ आकडी की हाताशी हवी. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते, आणि मालकाला पत्ताही नसतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक अडकले, तेव्हा सेफ मोडमध्ये एक फाइल पुसणं हा मुख्य उपाय होता. पण बऱ्याच ठिकाणी त्याआधी ही की शोधावी लागली. ती आजच खात्यातून कागदावर उतरवून घ्या.

वळवाच्या पावसात वीज कडाडली की चार्जर काढायची आठवण राहते, लॅनची केबल तशीच राहते. धक्का तिच्यातूनही येतो. चहा किंवा पाणी सांडलं तर लॅपटॉप तांदळात पुरू नका. चार्जर काढा, बंद करा, तंबूसारखा उलटा ठेवा, बॅटरी सोडवा, आणि चालू करून बघण्याचा मोह टाळा. ओल्या बोर्डावर वीज असेल तोवर गंज फार वेगाने चढतो.

संचातलं काय वाया गेलं तेही सांगायला हवं. बोर्डाचे कोड दाखवणारं डायग्नॉस्टिक कार्ड नव्या लॅपटॉपमध्ये जवळपास निरुपयोगी आहे, तो खर्च टाळा. धातूच्या उचकटण्याने आवरणाच्या कडा मोडतात, प्लास्टिकच पुरे. स्वस्त स्क्रूड्रायव्हरचं पीएच०० टोक चार महिन्यांत गोल झालं. इथे शंभर-दोनशे रुपये जास्त घाला. मल्टिमीटरच्या वायरी टोकाजवळ आतून तुटतात, म्हणून दर वेळी बीप मोडवर दोन्ही टोकं एकमेकांना लावून बघा. आणि त्याचा ९ व्होल्टचा सेल उतरला की साधे मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, १९.५ चा अ‍ॅडॉप्टर २२ दाखवत असेल तर अ‍ॅडॉप्टर फेकण्याआधी मीटरचा सेल बदला.

एवढं करूनही २० व्होल्टवर चढ-उताराचं चक्र थांबलं नाही, तर काम चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे बारीक सुटे भाग बदलण्याचं आहे. चार्जर आणि बॅटरी दोन्ही सोडवून बीप मोडवर बोर्डावरच्या मुख्य वीजवाहिनीचा मोठा कपॅसिटर मोजा. कपॅसिटरची दोन्ही टोकं बोर्डाच्या ग्राउंडशी (वीज परत जाणाऱ्या धातूच्या भागाशी) वाजली तर शॉर्ट पक्का. बऱ्याचदा दोष एका छोट्या सिरॅमिक कपॅसिटरचा असतो आणि पूर्ण बोर्ड बदलायची गरज नसते. दुकानात देताना एसएसडी आणि रॅम काढून घरी ठेवा. चिठ्ठीवर मॉडेल, चार्जरचे वॅट, मीटरवर दिसलेले व्होल्ट-अँपिअर, बटण दाबल्यावर काय झालं आणि कोणती रॅम लावून पाहिली, एवढं लिहून लॅपटॉपला चिकटवा.